मुका मार

पहाटे चारला मी त्याच्या गालावर पहिला खवला चिकटवायचो.
एकशे बारा खवले. रबराचे, राखाडी.
शेवटचा डाव्या डोळ्याखाली; तिथं कातडी पातळ,
डिंक लागला की पाणी येतंच.
हिंदुराव पोवार हलायचा नाही.
मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीतल्या त्या खोलीत
थंडीनं पत्रा वाजायचा, तो नाही.

हिरोचा मुखवटा म्हणजे दोन मिनिटांचं काम.
तेजोमानव. छातीवर सूर्य, आतून स्पंजचे स्नायू.
नीलय कर्णिक उगवायचा अकराला.
तोवर आमचा राखासुर सात तास
नळीनं चहा पीत बसलेला.
तोंड उघडलं की हनुवटी सुटायची,
म्हणून पांढरा रस्सासुद्धा नळीनं.
म्हणायचा, इलाही, माझी आई असती
तर तुझं हात मोडली असती.

बिनसलं तिसऱ्या दिवशी.
पाचगावची, उजळाईवाडीची पोरं आलेली शूटिंग बघायला.
हिरो तारेला लटकून वर गेला, पोरं गप्प.
मग हिंदुराव नुसता वळला.
खांदा आधी, मग मान, सगळ्यात शेवटी डोळे.
माळावर अशी शिट्टी पडली
की जनरेटरवाला बाहेर येऊन बघायला लागला.

त्यानंतर कर्णिक त्याच्याशी बोलला नाही.
संवाद कापले. आधी चार ओळी, मग अख्खं पान.
क्लोजअपला समोर उभा राहीना.
हिंदुराव झाडूच्या दांड्याला बांधलेल्या चेंडूशी वैर धरायचा,
आणि ते बघून आमच्या अंगावर काटा.

हाही काय साधा नव्हता.
नळीनं लसणाचं पाणी ओढून
हिरोच्या नाकापुढं उभा राहायचा,
आणि संवादातले सगळे 'ह'
सावकाश, मायेनं म्हणायचा.

बावीसावा दिवस, मारामारीचा.
ठोसा कानापासून वीतभर लांबून जायचा होता,
फाइटमास्तरनं हवेत तीनदा दाखवलं होतं.
गेला नाही.
ठोशाचा आवाज असा झालाच नाही.
झाला तो हिंदुरावाचा. बारका.
गुळाची ढेप पाठीवर घेताना हमालाचा निघतो तसा,
तोंड मिटून: हं.
कोणी कट म्हणालं नाही.
तो हसला. खवल्यांच्या फटीतून रक्त, आणि हसला.
कागदावर तसं लिहिलं होतं म्हणून हसला का,
मला नाही सांगता यायचं.

रात्री स्पिरिटनं खवले सोडवताना
खालचं निळं रंगाचं कुठलं, माराचं कुठलं, कळेना.
म्हटलं, तक्रार कर.
"कुणाची? तेजोमानवानं राखासुराला मारलं.
त्याचेच पैसे घेतलेत आपण."
मग बराच वेळ आरशात.
"पण इलाही, बावीस दिवसांत पहिल्यांदा
बघत होता बघ माझ्याकडं."

सिनेमा लागला. बायकोपोरांना घेऊन गेलो.
राखासुर बोलला आणि मी खुर्चीत पुढं सरकलो.
आवाज दुसऱ्याचा.
जाड, विहिरीतून आल्यासारखा, मुंबईतल्या कुणाचा तरी.
हिंदुरावाच्या ओठांवर भाडेकरू ठेवलेला.
हसणंसुद्धा त्याचंच.
कर्णिकची अट होती म्हणे. म्हणे हं; मी कागद बघितला नाही.

पण मारामारीत, ढोल थांबून स्फोट व्हायच्या आधी
एवढीशी जागा आहे, आणि तिथं:
हं.
पुसायचं राहून गेलेलं.

पुढच्या रांगेत सहाएक वर्षांचं पोरगं
आईच्या मांडीत तोंड खुपसून रडत होतं.
ती म्हणत होती, अरे, हिरोच जिंकला की,
आणि ते मान हलवत होतं, नाही, नाही, त्याला लागलं.

हिंदुराव आला नव्हता बघायला.
मध्यंतरात फोन केला. मागं उसाच्या ट्रॉलीची घरघर.
सांगितलं, एवढं एक राहिलंय तुझं आत.
ट्रॉली लांब गेली.
मग तोंड मिटून म्हणाला,
हं.