जॉबरचा आवाज

मे महिना. चव्वेचाळीस डिग्री.
विडी घरकुलातले पत्रे तापून टणटण वाजतायत
आणि मी चादर घेऊन बसलेय,
आपलीच, सोलापुरी, मोराची.
शेजारची पद्मा म्हणाली, ताप आलाय का गं?
सासू तेलुगूत म्हणाली, सोमरी.
आळशी.
मराठीत सांगायची गरज नव्हती.

टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते मी.
दिवसाला चौदा डझन व्हायचे, आता नऊ.
अंगठी बोटात रुतलेली, आवाज घोगरा,
वेणी नुसती नावाला.
केसांसाठी मेडिकलवाल्या पोरानं डबी दिली,
गुलाबी गोळ्या, तीनशे ऐंशी रुपये.
"व्हिटॅमिनच आहे मावशी, काही होत नाही."
औषधच नाही, तर सांगायचं कुणाला?

पहिला रिपोर्ट :
टीएसएच शून्य पॉइंट शून्य आठ,
टी-फोर वर, ठळक, शेजारी बाण.
गल्लीतल्या डॉक्टरांनी कागद पाहिला,
मला नाही.
"थायरॉईड जोरात पळतोय. कमी करायची गोळी घ्या."
पळतोय?
मला तर जिना चढताना
मधल्या पायरीवर बसावं लागतं.

डॉक्टर हत्तुरे बाईंनी कागद पालथा ठेवला,
माझं मनगट धरलं,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.
इतका वेळ माझा हात कुणी धरला नव्हता.
छप्पन्न.
"कागद म्हणतो तू पळतेयस,
मनगट म्हणतं बसलीयस.
रोज काय काय घेतेस?"
भाकरी, शेंगाचटणी.
"अगं, गोळ्या."
पिशवीच्या तळातून डबी निघाली,
शिलाईच्या रिळांत गुंतलेली.

"बायोटिन," बाई म्हणाल्या.
"तुला नाही फसवलं यानं. मशीनला फसवलं.
आठ दिवस बंद कर, मग पुन्हा रक्त दे.
आणि ती कमी करायची गोळी?"
आणली नाही अजून. पगार व्हायचाय.
"बरं झालं,"
आणि पगार न झाल्याबद्दल
पहिल्यांदाच कुणीतरी बरं झालं म्हणालं.

मी विचारलं, टीएसएच म्हणजे काय असतं?
"वडील काय करायचे?"
यंत्रमागावर जॉबर.
"मग तुला सोपं आहे.
डोक्यात एक जॉबर असतो, गळ्यात माग.
माग मंदावला की जॉबर ओरडतो.
टीएसएच म्हणजे तो आवाज.
माग नीट चालला की तो गप्प."
म्हणजे आकडा मोठा, तेव्हा माग बंद?
"बहुतेक वेळा. लोक म्हणतात, थायरॉईड वाढला.
वाढतो तो आरडाओरडा."

नाना घरातही ओरडूनच बोलायचे.
मागांच्या खडखडाटात कान गेलेले,
मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं.
आम्हाला वाटायचं, रागावलेत.
कधी कुणी विचारलं नाही
कुठला माग बंद पडलाय.

दुसरा रिपोर्ट आला : एक्केचाळीस.
टी-फोर तळाला.
अँटी-टीपीओ का काहीतरी, तेही भरपूर.
बाई म्हणाल्या, शरीरच आपल्या मागाचं सूत तोडतंय.
असं का करतं?
"ते आम्हालाही नीट माहीत नाही," म्हणाल्या,
आणि त्या वाक्यानंतर
माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

आता पहाटे उठते,
पांढरी बारीक गोळी, नुसत्या पाण्यासोबत.
चहा अर्धा तास लांब.
सासू ओट्याशी उभी राहून घड्याळ बघते,
झाला का गं, विचारते,
आधण माझ्यासाठी थांबवून ठेवते.
सोमरी म्हणाली होती, ते ती विसरली.
मी नाही.

दीड महिन्यानं : अकरा पॉइंट दोन.
अजून ओरडतोय जॉबर, पण घसा बसत चाललाय.
काल बारा डझन झाले.
रात्री पंखा तीनवर होता,
आणि चादर कधी पायाशी गेली,
मला कळलंच नाही.