एक बोट उघडं

जनकगंजातली आमची शाळा. जानेवारी.
धुकं असं की घंटा दिसत नाही, नुसती ऐकू येते.
सातवी ब. मुलं एकोणतीस, फोन तेरा.
सरकारी टॅबलेट दिवाळीआधी येणार होते;
दिवाळी आली, आणि गेली.
तेव्हा मीच म्हटलं, घरून आणा,
पण विचारून आणा.

आता हजेरी दोनदा होते.
एकदा नावाची,
एकदा बॅटरीची, मागच्या पानावर आखलेल्या रकान्यात.
जान्हवी मोहिते? चौसष्ट.
इनाया? एक्क्याण्णव, बाई, अब्बूंनी रात्रभर लावून ठेवला होता.
मयंक कुशवाह उभा राहतो:
सतरा, मॅडमजी.
आणि बसता बसता, साडेदहाला परत द्यायचाय,
मम्मी कामावर जाताना फाटकाशी येते घ्यायला.

या गावात गारठलेलं बोट काचेला ओळखू येत नाही.
मुलं फुंकर मारतात, काखेत हात दाबतात,
श्रीरंग शितोळे तर
सरळ नाकानं उत्तर सरकवतो, आणि ते बरोबर असतं.
जान्हवीच्या आईनं हातमोज्याचं एक बोट कात्रीनं कापलं,
उसवू नये म्हणून कडेनं टाके घातले.
आठवड्याभरात वर्गात नऊ हातमोजे तसेच.
चार बोटं घरात,
एक कामाला.

त्या दिवशी कोन मोजत होतो.
फोन टेकवायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा.
जिना चौतीस अंश.
व्हरांड्याची भिंत दोन अंश झुकलेली,
म्हणजे पडणार का, बाई?
हेडसरांचं टेबल सपाट नाही
हे आम्हाला सगळ्यांना आधीच माहीत होतं, आता आकड्यात कळलं.
कित्येक वर्षांनी माझ्या तासाला
मुलं जमिनीवर आडवी पडून गणित करत होती.

मयंकचा आकडा पाहायला मी फोन हातात घेतला
आणि अंगठा चुकला.
फोटो उघडले.
रेशनकार्ड. गॅसची पावती.
कुणाच्या तरी लग्नातली हिरवी साडी, तीनदा.
मग माझा फळा.
मीच सांगितलेलं, फोटो काढा, ज्याच्याकडे फोन नाही त्याला दाखवा.
पुढचा फोटोही फळ्याचाच, पण जवळून:
माझं वर्तुळ.
सुरू झालं तिथे ते परत पोचलंच नव्हतं.
खालच्या ‘त्रिज्या’ची शिरोरेषा
कालव्यावरच्या लाटेसारखी.

श्रावणापासून हात थरथरतो.
वाटलं होतं, लांबून दिसत नसेल.
लांबून नसेलही दिसत.
हा पोरगा दोन बोटांनी मला ओढून
जवळ घेऊन गेला होता.

त्यानं वर पाहिलं नाही. मीही काही बोलले नाही.
चार टक्के उरले होते.
फोन वाजला, ‘मम्मी फाटक’,
आणि तो धुक्यात पळाला,
चपलांचा आवाज आधी नाहीसा झाला, मग तो.
की उलटं, आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले
तर फळ्यावर तारीख लिहिलेली,
विषय, इयत्ता, पट,
आणि मधोमध वर्तुळ,
सुतळीला खडू बांधून काढलेलं,
मध्यबिंदूला खिळा टोचल्याची खूण.
अक्षर हिंदी शाळेतून आलेल्या मुलाचं,
‘वर्तुळ’मधला ळ दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमलेला.

कुणी काढलं, असं विचारायचं असतं.
मी रजिस्टर उघडलं.
जान्हवी, सत्तर. इनाया, बारा, काल लाईट गेली होती.
मयंक?
आज फोन नाही आणला, मॅडमजी.
हातमोज्यातून बाहेर आलेलं त्याचं एक बोट
दुसऱ्या पेरापर्यंत पांढरं.

बस, म्हटलं.
नावापुढे हजर लिहिलं.
बॅटरीच्या रकान्यात आडवी रेघ ओढायची होती,
वाकडी आली.
तशीच राहू दिली.