तव्याची तपासणी

जांबोटीच्या दवाखान्यात बुधवारी पोटुशा बायकांची रांग.
मी बोटं टोचते.
पट्टीवर थेंब, रजिस्टरात आकडा, पुढची.
भिंतीवर कन्नडात पाटी आहे : रक्तहीनते.
तेवढी मला न अडखळता वाचता येते.

सुनेच्या मागोमाग यल्लूबाई आत आली,
काखेत खताच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.
टेबलावर सोडलं : तवा.
तीन पावसाळे माळ्यावर, कौलाच्या गळतीखाली.
तांबूस भुगा सांडला माझ्या रजिस्टरवर,
नुकत्याच लिहिलेल्या
आठ पॉइंट चारवर.

"ह्येचंबी रक्त बगा बाई.
सून म्हणूलीय, ह्येच्यावरची भाकरी खाल्ली तर
पोटातल्याला धनुर्वात हुतोय.
तिनं बाजारातनं गुळगुळीत काळा आणलाय,
त्येला उलथनं लावायचं न्हाई, चरा पडतोय म्हणं.
आणि तुमी सांगूलासा, हिच्या अंगात लोखंड कमी.
मग घरातलं लोखंड भंगारात घालू?"

रांग हसली.
नम्रता हसली नाही.
ती आपली फिकट नखं
पदराखाली घेऊन बसली.

तव्यासाठी माझ्याकडे पट्टी नाही.
रजिस्टरात रकाना नाही.
होतं ते सांगितलं :
गंज म्हणजे विष नव्हे, नम्रता.
धनुर्वात जखमेतून शिरतो, मातीतून,
भाकरीच्या घासातून नाही.
आणि यल्लूबाई, गंज म्हणजे गोळीही नव्हे.
हे लोखंड अंगी फारसं लागत नाही,
आलं तसं निघून जातं.
गोळी ती गोळीच, रात्री जेवणानंतर,
शौचाला काळं झालं तरी घाबरायचं नाही.
सुटे पापुद्रे मात्र खरवडून काढा,
पोटात कशाला घालायचे?

"म्हंजे निम्मं तिचं खरं, निम्मं माजं?"

रजिस्टरला निम्मं चालत नाही.
मी पुढच्या बाईचं बोट धरलं.

दुपारी मागच्या नळावर दोघी तवा घासत होत्या,
नारळाची शेंडी, राख, चिंचेचा चोथा.
सासू दाबून, सून गोल गोल.
पाणी आधी विटेसारखं,
मग चहासारखं,
मग नुसतं पाणी.
आयाबाईंच्या स्टोव्हवर तापवून
यल्लूबाईंनी तेलाचा बोळा फिरवला.
धूर थेट लसीकरणाच्या खोलीत. डॉक्टर ओरडले.

मग झाडाखाली डबा सोडला त्यांनी.
पितळी, इतका घासलेला की
झाकणात माझा चेहरा, आडवा पसरलेला.
आत आमसुलाची आमटी.
मी चमचा घातला आणि थांबले.
तळाशी कल्हई नव्हतीच.
उघडं पिवळं, आणि कडेला
हिरवट एक रेघ, शेवाळ्यासारखी.

कल्हई कधी केली होती?

"खानापूरचा इमामसाब यायचा.
आता गुडघं गेलं त्येचं.
पोरगा गोव्यात फरशा बसवतोय."
मग थोड्या वेळाने, स्वतःशीच :
"पण हा तर मी रोज घासतो."

होय, यल्लूबाई.
घासून घासूनच गेली ती.
आंबट ह्यात ठेवू नका.
हा डबा बघून कोण भिणार होतं?
गाडीच्या दिव्यासारखा लखलखत होता.

नम्रताने आमटी झाडाच्या बुंध्याशी ओतली,
सासूकडे न बघता.
सासूही काही बोलली नाही.
दोघींनी कोरडी भाकरी खाल्ली,
चटणी कागदावर.

पुढच्या महिन्यात आठ पॉइंट नऊ.
गोळीने, की मेथीने, की कशाने,
तसा रकाना नाही.

तालुक्याचे साहेब तपासणीला आले.
पानं उलटत थांबले,
तांबूस डागावर बोट ठेवलं.
"इदु रक्तना?"

मी म्हणाले,
अल्ल सर.
तुक्कु.

त्यांनी बोट पँटला पुसलं
आणि सही केली.