अंग

सांजेला खुराड्याचं दार लावायला गेलो
तेव्हा बाकीच्या चौघी सेनिसाच्या पाठी लागलेल्या.
तिच्या शेपटीखाली काहीतरी लाल, ओलं,
खिसा उलटा होऊन बाहेर लोंबावा तसं,
आणि त्या त्यालाच टोचत होत्या,
रागाने नाही, किडा समजून.

उचलली. पोंचोत गुंडाळली.
कास्त्रोला जनावरांचा डॉक्टर आहे,
पण फेरीबोट सकाळची, तीही वारा म्हणेल तेव्हा.
कुंपणापलीकडून म्हातारा एलीसेओ म्हणाला,
"पाणी ठेव उकळायला. रस्सा झकास होईल."

आईने चुलीवर पाणी ठेवलं,
पण कोमटच.

निळ्या घमेल्यात चिमूटभर मीठ.
सेनिसा त्यात अर्धी बुडून बसली,
मान ताठ, एक डोळा छताकडे,
परक्यांच्या घरी आंघोळ करावी लागल्यासारखी.
"मध आण," आई म्हणाली.
उल्मोच्या फुलांचा, पांढराफेक,
थोरलीच्या लग्नासाठी राखलेला.
"मध सूज ओढून घेतो."

बोटाने लावला.
ते मांस गरम होतं, आणि त्यात ठोका होता.
वीस वर्षं मी सॅमनच्या पिंजऱ्यांवर जाळी शिवतोय.
दोर, गाठ, गार पाणी, एवढंच या हातांना ठाऊक.
त्यांच्यात काही इतकं उघडं होऊन
गप्प बसून राहील,
याची त्यांना सवय नव्हती.

"ढकलू नकोस. टेकव. नुसतं टेकव.
ती श्वास सोडेल तेव्हा थोडं. घेईल तेव्हा थांब.
आत गेलं तरी बोट लगेच काढायचं नाही.
काढलंस की परत येतं.
शंभर मोज."

मोजले. गेलं.
सोडलं तर पुन्हा बाहेर.
"येतंच पहिल्यांदा," आई म्हणाली.
पुन्हा मध. पुन्हा शंभर, या वेळी सावकाश.
तिसऱ्या खेपेला राहिलं.

"हे तुला शिकवलं कुणी?"

ती घमेल्यातलं पाणी दाराबाहेर ओतत होती.
पाठमोरीच म्हणाली,
"धाकटीनंतर माझंही अंग बाहेर यायचं.
बटाट्यांच्या काढणीत जास्त.
रात्री कुल्ल्यांखाली उशी घेऊन आत सारायचं,
सकाळी लोकरीची पट्टी आवळून बांधायची."
"किती दिवस?"
"अकरा वर्षं."
मग घमेलं भिंतीला टेकवून ठेवलं
आणि विचारलं, चहा घेतोस का.

मी तेव्हा कुठे होतो?
बांधाला, भरलेल्या पोत्यावर बसलेलो,
चल ना गं लवकर, म्हणत.

सेनिसाला सफरचंदांच्या खोक्यात ठेवलं, वरून पोंचो.
उजेड दिसला की कोंबडीचं शरीर
अंड्याच्या तयारीला लागतं, तिला न विचारता.
आमच्याकडे ऑगस्ट संपत आलेला,
दिवस तिळातिळाने वाढणारा.
म्हणून अंधार. आठ दिवस.
मूठभर कोंडा, पाणी, दोन वेळा मध.
चौथ्या रात्री पुन्हा अंग आलं.
मी जागा होईपर्यंत
आईने ते आत सारून हातही धुतले होते.
दिवा तिने लावलाच नव्हता.

एलीसेओ रोज विचारायचा, झाला का रस्सा?
मी म्हणायचो, मीठ कमी आहे.

नवव्या दिवशी खोकं अंगणात नेलं.
सेनिसा बाहेर आली, पंख झटकले,
चौघींकडे बघितलंही नाही.
घरट्याच्या पेटीशी जाऊन थबकली,
पायाने गवत उकरू लागली.

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती,
एक हात ओटीपोटावर,
बऱ्याच वर्षांची सवय असावी, मी आज पाहिली.
"राहू दे गं," ती कोंबडीला म्हणाली,
"अंडी काय, दुकानातही मिळतात."