रिकामे रकाने

क्लाक्सविकच्या बंदरकचेरीत सुन्वाने
टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल कोंबून
बोटींचं पान उभं केलं होतं.
दिसायला नेटकं. पण एक रकाना हलवला
की सगळा संसार कलंडायचा.

स्टाइलशीट शीक, म्हणायची पोरं.
आणि जुन्या ब्राउझरात फाटलं तर?
टाके घालायला तुम्ही येणार?

मग आंधळा हानुस आला,
लॅपटॉप काखोटीला मारून.
यंत्र वाचू लागलं:
रिकामं. रिकामं. ओळ दुसरी. रिकामं.
"बोट कितीला गं?" त्याने विचारलं.

त्या रात्री तिने भिंती पाडल्या.
रंग, समास, अंतरं
वेगळ्या फाइलीत नेऊन ठेवली.

एक टेबल तेवढं राहू दिलं:
बोट, धक्का, वेळ.
ते मुळातलं टेबलच.

हानुसने ऐकलं, साडेसात.
"म्हणजे कॉफी होतेय," म्हणाला.