बर्फ नसलेला सिनेमा

आमच्याकडे ख्रिसमसच्या खिरीत एक बदाम टाकतात.
अख्खा, सोललेला, एकच.
ज्याच्या वाटीत येईल
त्याने त्या रात्रीचा सिनेमा निवडायचा,
बाकीच्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही.
बदाम पणजीने फिनलंडहून आणला, बोटीतून.
सिनेमाचं कलम आईने मागाहून जोडलं.

एकोणीस वर्षांत बाबांच्या वाटीत
तो कधी आला नव्हता.
की येत होता, आणि ते मुकाट गिळत होते?
आईला संशय आहे.

आईला आला की ठरलेलं :
शहरातली घाईतली बाई, गावातला बेकरीवाला,
कुणाच्या तरी नाकाला पीठ,
आणि शेवट आठवून आई आधीच डोळे पुसते.
माझा भाऊ यूहो बंदुका निवडतो.
"ख्रिसमसचाच आहे," शपथेवर सांगतो, "झाड आहे ना त्यात."
झाड असतं. विसाव्या मिनिटाला पेटतं.
मी निवडते ते काळेपांढरे,
त्यात सगळ्यांना फार छान झोप लागते.

यंदा बाबांच्या दाताखाली कट्‌ वाजलं.
त्यांनी बदाम बशीच्या काठावर ठेवला,
इंजिनातून निघालेला जास्तीचा बोल्ट ठेवावा तसा,
आणि म्हणाले,
"बर्फ नसलेला लावा."

थंडर बेच्या रस्त्यांवर एकतीस हिवाळे
बाबा बर्फाचा नांगर चालवतात.
"सिनेमातला बर्फ सरळ पडतो," म्हणाले,
"त्याला वारा कसला तो नाहीच.
बरोबर मुका घ्यायच्या वेळी सुरू होतो
आणि सकाळी रस्ते मोकळे.
कुणी केले? दाखवलंय कधी?"

यावर काय बोलणार.
व्हिडिओचं दुकान बंद होताना
किलोवर घेतलेली खोकी आम्ही उपसली.
कुत्रा हरवतो, बर्फात.
राजपुत्र सापडतो, बर्फात.
वाळवंटातल्या सिनेमाच्याही नावावर
अक्षराअक्षरावर पांढरी टोपी.
यूहोला एक पाणबुडीचा आठवला,
मग हेही आठवलं
की शेवटी ती वर येते. बर्फ फोडून.

तळाशी मिळाला एक, बिनकव्हराचा.
ऑस्ट्रेलियातला कुठलासा किनारा,
खांदे सोललेला सांता,
कोळंबी भाजणारी आत्या, माश्या,
आणि होडीवरून अबोला धरलेले दोन भाऊ.
बाबा पुढे सरकले.
"तिथे ख्रिसमसच्या झाडाला पाणी घालावं लागत असेल," म्हणाले,
आणि एक एक करून
दोन्ही लोकरी मोजे काढले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन.
डेपोतला गॉर्डी : "ओन्नी, सरोवराकडून येतंय. मोठं आहे."
बाबांनी मोजे चढवले.
"थांबवा. पुढे बघायचं नाही."

मी थांबवला तेव्हा
एका पोराने धक्क्यावरून उडी घेतली होती.
गुडघे पोटाशी, तोंड उघडं,
खाली निळ्यावर त्याची सावली, लाडवाएवढी.
आमचं यंत्र जुनं. थांब म्हटलं की थांबतं.

यूहो गालिच्यावर झोपला.
आईने भांडी घासली, पुसली,
कोरडी भांडी परत पुसली.
दीडच्या सुमारास नांगराचा पिवळा दिवा
आमच्या गल्लीतून गेला,
छतावरून, झाडावरून,
त्या पोराच्या ओल्या पाठीवरून फिरला
आणि वेग कमी न करता पुढे गेला.
बाहेर बर्फ आडवा पडत होता.
मी खिडकीतून बघत होते.
मुका वगैरे काही नव्हतं.

चार वीसला बाबा आले.
भुवया पांढऱ्या, कोटाला डिझेलचा वास.
आलुबुखाराची एक गार चांदणी
उभ्यानेच खाल्ली,
मग बसले आणि मोजे काढले.

"पडला का तो?"
"नाही."
"लाव."

पाच तास हवेत असलेलं पोर
खाली आलं.
पाणी उडालं, कॅमेऱ्यावर थेंब आले,
कुणीतरी खाष्टपणे ओरडलं, कुणीतरी हसलं.

बाबा बराच वेळ बघत राहिले.
"हं," म्हणाले, "पाणी खरं आहे."