निव्वळ वजन

मानवतच्या जिनिंगवर काट्याच्या केबिनमधी बसते मी.
भरली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक कापूस.
हंगामात झोप नाही. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत
पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून
जे बघितलं, जे ऐकलं, त्याची ही पावती, शाहीन.
तू नांदेडला गेलीस तशी सांगायला कुणी राहिलं नाही.

आधी मालिका. 'खांबावरची कौसल्या'.
हसू नको. बाई लाइनमन आहे, खांबावर चढती,
आन् दोनशे भागांत एकदा पण पडली नाही!
मला वाटलेलं, पाडतीलच. हळदीच्या दिवशी,
तीन-तीनदा तोच झटका दाखवून, ढणढण वाजवून.
नाही पाडलं. मी देवापुढं साखर ठेवली.
पण खरं सांगू? माझा जीव सासूवर.
कट रचताना ती पेरू खाती, तिखटमीठ लावून,
आन् बी दातात अडकली की सगळा कट थांबतो.
असली खाष्ट बाई दहा वर्षांत झाली नाही, लिहून घे.

गाण्याचं जरा लांबचं आहे.
माझ्या इअरफोनची डावी बाजू दिवाळीलाच मेली.
सेलूच्या दोन पोरांनी एसटीच्या वेळापत्रकावर रॅप केलंय:
'जिंतूर विनाथांबा, थांबली तर सांगा,
गंगाखेडची आली का, परळीवाले भांडा'.
शंभरदा ऐकलं असंल, एकाच कानानं.
परवा जब्बारभाईच्या ट्रकमधी लागलं, दोन्ही स्पीकरवर,
आन् मला कळलं,
मागं एक बाई गाती!
अख्खं गाणंभर. चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखी,
कुणी विचारत नाही तरी सांगती: येईल, गाडी येईल.
तीन महिने ती माझ्या मेलेल्या कानात गात होती.
पावती फाडायची सोडून मी ट्रकच्या पायरीवर उभी.
जब्बारभाई म्हणला, "ताई, वजन?"

रडक्या लेकरांचा तो गाण्याचा शो मात्र सोडला.
परीक्षकच आधी रडायलेत, लेकरं त्यांची समजूत काढायलेत.

आता पिक्चर. परभणीला, तिकीट काढून, दासूला घेऊन.
'फाटा सोडून दोन मैल'.
थेटरात नऊ माणसं, त्यातलं एक झोपलेलं.
पहिली अकरा मिनिटं कुणी बोलतच नाही.
दासू ओरडला, "ओ, आवाज!"
मी चिमटा काढला.
मग ती पोस्टातली बाई वळली,
नवऱ्याच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आन् म्हणली,
"काहून?"
एवढंच.

शाहीन, आपलं काहून!
आजवर पडद्यावर कुणी असं बोललं
की समजायचं, हा नोकर, आता घसरून पडणार.
लोक हसायचे. आपण पण हसायचो.
औरंगाबादच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात
आपण दोघींनी तो शब्द गिळला होता, आठवतं?
'का गं' म्हणायला शिकलो, आरशापुढं.
या बाईनं तो सरळ नवऱ्याच्या तोंडावर ठेवला
आन् नऊच्या नऊ गप.
झोपलेला पण जागा झाला, असं दासू म्हणतो.
दासूचं काही खरं नाही.

रात्री परत आले तर काटा रिकामा होता.
सहज वर जाऊन उभी राहिले, दासूला आकडा बघ म्हणलं.
साठ.
जायच्या आधी पण साठच होते.
हा काटा दहा किलोच्या खालचं काही मोजत नाही,
कंपनीनं आधीच सांगितलंय.

तू बघ. तिकडं लागला असंल तर उद्याच बघ,
जावेला घेऊन जा, पण शेजारी बसवू नको, ती बोलती.
अजून एक राहिलं, ते कव्वालीवालं, त्यात तर
थांब.
एमएच बावीस आली, हॉर्न मारायली.
भरलेली आहे.